मदत हवी आहे: स्वॉर्डटेल माशाच्या मादीला तलवार फुटून राहिली

वर्धेकडचा: मंडळी, लवकर सांगा. आमच्या मोठ्या मादीला शेपटीखाली नराला असते तशी तलवार (शेपटीच्या खालच्या कडेचं लांब टोक) फुटून राहिली. हीच पिल्लं देत होती, आता बाकीच्या माद्यांच्या मागं लागते. मादीची नर झाली का? आणि ही जात कोणती? नागपूरच्या दुकानदारानं अस्सल मेक्सिकन म्हणून पैसे घेतले.

जुना_शौकीन: टाकी केवढी? मासे किती? त्यात नर आहे का?

वर्धेकडचा: टाकीचा काय संबंध? काचेची आहे. मासा लाल.

बोरवालेभाऊ: आपल्याकडचं बोअरचं जड पाणी या माशाले मानवते, ते टेन्शन नाही. खरी भानगड मे महिन्यात. पारा ४५ वर गेला की पाणी तापते. काचेचं झाकण काढा, जाळी लावा, नाहीतर उड्या मारून बाहेर पडतात.

वर्धेकडचा: मी काय विचारलं, तुम्ही काय सांगून राहिले!

खारपाणपट्टा: बाप्पा, मादीची नर होतेच. आमच्या टाकीत झाली होती.

जुना_शौकीन: झाली म्हणजे काय पाहिलं? यांच्यात काही नर उशिरा वयात येतात. तोवर अंगानं मोठे, भरलेले, मादीसारखेच. टाकीत दांडगा नर असला तर धाकटे आणखी लांबतात. तलवार सोडा, पोटाखालचा मागचा पर पाहा. मादीचा पसरट, नराचा निमुळता. वर्धेकर, पिल्लं देताना हिलाच पाहिलं का?

वर्धेकडचा: सकाळी टाकीत पिल्लं दिसायची. मोठी हीच, म्हणजे हिचीच असतील न. मोठा नर दिवाळीत मेला.

जुना_शौकीन: हे आता सांगता! तो गेला म्हणून हा वयात आला.

खारपाणपट्टा: काहून? दिवाळीनंतर पिल्लं झाली का ते विचारा त्यांना.

वर्धेकडचा: झाली न, संक्रांतीच्या आसपास.

खारपाणपट्टा: घ्या. नर नाही अन् पिल्लं झाली!

मेघा_गोंदिया: त्यात नवल काय दादा? मादी नराचं बीज अंगात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. एकदा संग झाला की साधारण महिन्याच्या अंतरानं वेतामागून वेत देते, नर मेला तरी. पिल्लं दुसऱ्या मादीची असतील.

जातीचं म्हणाल तर यांचं कूळ झिफोफोरस, नाव दिलं हेकेलनं १८४८ मध्ये. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत पंचवीसेक जाती आहेत, आणि आपली प्लॅटीसुद्धा त्याच कुळातली. मॉन्टेझुमे जातीच्या नराची तलवार अंगापेक्षाही लांब वाढते, बर्चमनीच्या नराला जवळजवळ नसतेच. दुकानातला लाल मासा बहुतेक वेळा हेलेरी ही स्वॉर्डटेलची जात आणि प्लॅटी यांचा संकर असतो. 'मेक्सिकन' ही काही जात नव्हे.

बोरवालेभाऊ: पिल्लं जास्त झाली तर मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) सोडा, डास खातील.

मेघा_गोंदिया: अजिबात नको! ऑस्ट्रेलियात, हवाईत असेच सुटलेले स्वॉर्डटेल आता नद्यानाल्यांत ठाण मांडून आहेत. आमच्याकडे धीवरांची पोटं या तलावांवर चालतात.

बोरवालेभाऊ: गप्पी सोडतात ते चालते वाटते?

मेघा_गोंदिया: ते तरी कुठं बरं आहे? त्याचा वेगळा धागा काढा.

वर्धेकडचा: भांडू नका. पर पाहिला, निमुळताच आहे. आता जोडीला काय आणू?

जुना_शौकीन: माद्या. एका नरामागं दोन-तीन तरी, नाहीतर तो एकीलाच पळवून पळवून दमवतो. दुसरा नर आणू नका, मारामाऱ्या होतील.

खारपाणपट्टा: आमची मात्र झालीच होती.