तुरीच्या बियाण्यावर निंबोळी अर्क फवारला तर चालेल का?

शिवार_औसा: राम राम मंडळी. आमच्याकडं आजीपासूनची गावरान तूर आहे. दरवर्षी ४० किलो बियाण्याला ठेवतो. मागच्या वर्षी कडुनिंबाचा पाला वाळवून पोत्यात थर दिले, तरी होळीनंतर हात घातला तर हाताला पीठ लागलं, मनगटावर भुंगे चढले. निम्मं बियाणं गेलं. हे वाण दुकानात मिळत नाही हो, जीव तुटतो. निंबोळ्या घरच्याच आहेत. रानात मारतो तसा ५ टक्के अर्क दाण्यावर मारू का?

बियाणेवाली_बार्शी: दादा, पाण्यातला अर्क दाण्यावर अजिबात नको. मी हरभऱ्यावर मारून बसले आहे. सावलीत वाळवला, वरून कोरडा लागला, भरून ठेवला. तीन आठवड्यांनी कुबट वास आला, तळाचे दाणे हिरव्या बुरशीनं एकमेकांना चिकटलेले. कडधान्यात ओलावा ८-९ टक्क्यांवर नको. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे.

आता पाला का हरला ते सांगते. हा भुंगा रानातूनच घरी येतो. मादी शेंगेवर अंडी घालते, नंतर पोत्यात थेट दाण्यावर. एक दाणा उजेडात धरून बघा. पांढरा बारीक ठिपका दिसेल, बोट फिरवून पुसला जात नाही. ते अंडं. त्यातली अळी तिथूनच दाण्यात शिरते आणि महिनाभरात भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. आत बसलेल्या अळीला पाल्याचा वास काय करणार?

म्हणून मळणी झाली की लगेच दोन-तीन कडक उन्हं द्या, गार होऊ द्या आणि तेल चोळा. किलोला ५ मिली, म्हणजे तुमच्या ४० किलोला २०० मिली. अंड्यावर तेल बसलं की आतला जीव गुदमरतो. मी निंबोळी तेल घेते. घमेल्यात चार-पाच किलोच घ्यायचं, दोन्ही हातांनी चोळायचं. दाण्याला नुसती चकाकी यावी, तेल निथळू नये.

अर्क करायचाच तर रिकामी पोती त्यात बुडवा आणि खडखडीत वाळवूनच भरा. जुन्या पोत्याच्या शिवणीत मागचे भुंगे दडलेले असतात.

कोठीघर: खायच्या तुरीलाही निंबोळी तेलच का? आमच्याकडे वेखंडाची पूडही टाकतात.

बियाणेवाली_बार्शी: खायच्याला एरंडेल नाहीतर शेंगदाण्याचं तेल लावा, निंबोळीनं कडवट होते. वेखंड भुंग्याला चांगलं लागू पडतं, पण ते बियाण्यापुरतंच. पोटात जाणाऱ्या धान्यात नको.

शिवार_औसा: ताई, आत्ताच मूठभर तूर खिडकीत नेऊन बघितली. ३० दाण्यांत ७ वर ठिपके आहेत. उद्यापासून ऊन देतो. तेलानं उगवण तर मार खाणार नाही ना?

बियाणेवाली_बार्शी: एवढ्या तेलानं माझी कधी घटली नाही. तरी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. माझे गेल्या वर्षी ८८ उगवले होते.