प्रतिसाद: ओढून काढू नका, आधी वास घालवा
दवाखान्यातून आणल्यापासून तुमची मांजरी तुम्हालाच घाबरून पलंगाखाली लपते, गोळ्याही अजून द्यायच्या आहेत, असं तुम्ही विचारलंय. त्यावर 'पलंगाखालून ओढून काढा, मांडीवर घ्या, होईल सवय' हा वरचा सल्ला मला अजिबात पटला नाही. ओढलं की तिच्या लेखी पुन्हा दवाखानाच सुरू होतो. वासाचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. मांजराची ओळख नाकावर चालते, आणि टोपलीला, टॉवेलला दवाखान्याचा वास राहतो.

परभणीला आमची मनी (नाल्यातून आणलेली, मुळातच भित्री) इंजेक्शनांनंतर माझी चाहूल लागली तरी ज्वारीच्या पोत्यांमागे दडायची. मी टॉवेल धुतला, टोपली उन्हात टाकली, आत माझी वापरलेली ओढणी अंथरली. रोज संध्याकाळी चार हातांवर पाठ करून नुसती बसायचे, शेजारी उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे. नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटायचे. तेराव्या दिवशी तिनं येऊन पायाला डोकं घासलं, रडूच आलं मला. तुमच्या मांजरीला उरलेल्या गोळ्या तेवढ्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी भरवायला सांगा.