आपल्यामागे आपली खाती कोण उघडणार? (कुटुंबाचा ग्रुप)

ताई: सगळ्यांनी पाच मिनिटं काढून वाचा. बाबा गेल्यावर महिन्याभरात आपण त्यांचं सिम बंद केलं. ती चूक होती. त्यांच्या मेलचा पासवर्ड मला माहीत होता, पण ओटीपी त्याच नंबरवर जायचा. आईचे वीस वर्षांचे फोटो त्या खात्यात आहेत आणि मला आत जाता येत नाहीये.

मावशी: अगं बाई. मी तर सगळे पासवर्ड वहीत लिहून ठेवलेत. ते पुरे ना?

ताई: नाही मावशी. पासवर्ड बदलला की वही जुनी होते, आणि ओटीपीपाशी गाडी अडतेच. आपल्यामागे कोणाला काय मिळावं हे आपण असतानाच खात्यात नोंदवायचं असतं. गूगलमध्ये ही सोय २०१३ पासून आहे, ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’. खातं किती काळ वापरात नसलं की पुढची हालचाल करायची ते आपण ठरवायचं: ३, ६, १२ किंवा १८ महिने. १० जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला फक्त फोटो, कोणाला मेल, असं वेगवेगळं वाटून देता येतं. मुदत संपण्याआधी ते आपल्यालाच मेल-मेसेज करून विचारतात, त्यामुळे नुसते आजारी पडलात म्हणून काही उघडं पडत नाही.

काका: म्हणजे त्या माणसाला माझं खातंच वापरता येणार?

ताई: नाही काका, फक्त तुम्ही निवडलेला डेटा उतरवून घेता येतो. त्यालाही ३ महिनेच मिळतात, म्हणून ज्याचं नाव द्याल त्याला आधी सांगून ठेवा. आणि काहीच न ठरवता खातं २ वर्षं पडून राहिलं, तर गूगल ते आतल्या फोटोंसकट पुसू शकतं. मला रात्री झोप लागत नाही ती याच धास्तीने.

दादा: आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ (म्हणजे आपल्यामागे ज्याला डेटा मिळावा तो माणूस) शोधा. तिथे ५ जणांची नावं देता येतात. प्रत्येकासाठी एक ॲक्सेस की (खास कोड) तयार होते, ती त्यांना द्या. पुढे ती की आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. पण सेव्ह केलेले पासवर्ड यातून मिळत नाहीत.

वहिनी: फेसबुकचं मी बघून आले. तिथेही लेगसी कॉन्टॅक्ट आहे, पण त्याला आपले खासगी मेसेज वाचता येत नाहीत. मला तर हे फार बरं वाटलं. मेल्यावरही माणसाचं काही स्वतःचं राहावं.

काका: बँकेचं काय मग?

ताई: ते यात अजिबात मिसळू नका. गेलेल्या माणसाच्या पासवर्डने पैसे काढायचे नाहीत, आपला हक्क असला तरी. तिथे वारस म्हणून रीतसर अर्जच करायचा. फक्त कुठे कुठे खाती आहेत याची यादी घरात ठेवा, पासवर्डशिवाय.

मावशी: माझ्या फोटोंसाठी तुझं नाव घालू का गं?

ताई: घाल. रविवारी येते, दोघी बसून करू. आणि मावशी, मावसकाकांचा नंबर अजून चालू आहे ना? तो बंद करू नकोस. आधी त्या नंबरवर काय काय जोडलंय ते बघू.