व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीनं एकटीची मैफल सोडून चौघांत बसावं का?

रामदासपेठकर
माझी भाची चौदा वर्षं व्हायोलिन शिकते आहे. दहा वर्षं मांडी घालून, गायकी अंगानं. नंतरची चार हनुवटीखाली धरून, पाश्चात्त्य पद्धतीनं. आता मुंबईतल्या तिघांनी तिला चौकडीत बोलावलंय: दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि खर्जातला चेलो. शिवाय गिटार-ड्रम्सवाल्यांबरोबर एक प्रयोग. परवा इथे नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृहाबाहेर एक जाणकार म्हणाले, "पोरगी वाया चालली." मला हे अजिबात पटलेलं नाही. पाश्चात्त्य व्हायोलिनवादक मेनुहिन आणि सतारवादक रविशंकर यांच्या 'वेस्ट मीट्स ईस्ट' या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं ते चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताच्या विभागात! चौकडीही त्यातलीच: कंडक्टर नाही, शेजाऱ्याचा श्वास ऐकून सूर उचलायचा. आपल्या बैठकीपासून हे कितीसं लांब आहे?

महालचा श्रोता
बरंच लांब आहे, काका. बैठकीत राग एकाच्या मनातून उलगडतो. चौकडीत समोर कागद असतो. हायडनसारख्या पाश्चात्त्य रचनाकारानं दुसऱ्या व्हायोलिनला जे लिहून दिलं तेच वाजवायचं. उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं, कुठे राहिली? त्या रेकॉर्डमधल्या रागांवरच्या रचनाही रविशंकरांनी बांधून दिलेल्या होत्या. आणि हाताचं काय? मांडी घालून वाजवताना व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकतं, म्हणून डावा हात मोकळेपणी सरकतो आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघते. व्हायोलिनवादक एन. राजम यांनी गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून गळा व्हायोलिनमध्ये उतरवला, तो असा दोन डगरींवर पाय ठेवून नाही.

धंतोलीची वादक
दादा, मी चौकडीत वाजवलंय, म्हणून अनुभवाचं सांगते. पियानोतला गंधार शुद्ध गंधारापेक्षा थोडा चढा असतो. चौकडीत पियानो नसतो. सा-ग-प तिघांकडे वाटले गेले, की ज्याच्याकडे ग आहे तो हळूच खाली उतरतो, आणि एका क्षणी सगळी थरथर थांबते. तालमीत आम्ही एकेका स्वरसंगतीवर वीस-वीस मिनिटं घालवायचो. आणि तो गंधार कोणता, माहीत आहे? तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तोच! मला तो आधी चौकडीत सापडला, मग तानपुऱ्यात ऐकू यायला लागला. ज्या मुलीचा कान इतका घासला जातो, ती वाया कशी जाईल?

इतवारीवाला
भाऊ, पोटाचं पण बोला नं. आपल्या भागात एकल व्हायोलिनच्या मैफली वर्षातून होतात किती? अमेरिकेतली क्रोनोस क्वार्टेट ही अशीच चौकडी १९७३ पासून वाजवून राहिलं. २००५ मध्ये त्यांनी आशाताईंना सोबत घेऊन आर. डी. बर्मनच्या गाण्यांची अख्खी रेकॉर्ड केली. त्यांचं शास्त्रीय काही बुडालं नाही.

महालचा श्रोता
ताई, गंधाराचं मान्य. हे मला माहीत नव्हतं, आणि चौकडीला माझा विरोध आता उरला नाही. पण गिटारचं काय? तिथे पडदे पक्के ठोकलेले, तोच चढा गंधार. बँड तिच्यासाठी थांबणार नाही, तीच बँडला जुळवून घेणार. सहा महिन्यांत भैरव रागाचा कोमल रिषभ जागेवरून हललेला दिसेल. पोटाचा प्रश्न खरा आहे, पण तो शिकवण्या घेऊनही सुटतो.

धंतोलीची वादक
गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या 'शक्ती' या बँडमध्ये एल. शंकर यांचं व्हायोलिन होतं. त्यांच्यासोबत वाजवण्यासाठी मॅकलॉफ्लिननं गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोल कोरून घेतलं होतं, तार ओढून मींड काढता यावी म्हणून. तिथे गिटार व्हायोलिनकडे आली. शिकवण्यांचं म्हणाल तर मीही घेते. रात्री आठला वाद्य हातात घ्यायचं त्राण उरत नाही.

रामदासपेठकर
भाचीला फोन करून विचारलं, तुझा गिटारवाला कसा आहे? म्हणाली, "मामा, पहिल्याच तालमीत त्यानं विचारलं, तुझा सा कुठे लावू?" चौकडीला तिनं होकार कळवलाय. बँडबरोबर डिसेंबरपर्यंत वाजवून बघणार आहे.

महालचा श्रोता
सा विचारला, हे चांगलं केलं. तरी रोज सकाळी तासभर मांडी घालून, तानपुरा लावून भैरव वाजवायला सांगा, काका. डिसेंबरात इथे वाजवणार असेल तर मी येईन. रिषभ ऐकायला येईन.