संशोधन मुरू द्यायचं की आत्ताच मानक ठरवायचं? (क्वांटम-सुरक्षित कूटलेखन)

जुनाट_खवट
जुलै २०२२ मध्ये 'साइक' ही कूटलेखन पद्धत प्रोसेसरच्या एकाच कोअरवर सुमारे तासाभरात फुटली. फोडणारे कास्ट्रिक आणि डेक्रू, दोघे बेल्जियममधले गणिती. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या 'निस्ट' संस्थेनं क्वांटम-सुरक्षित (म्हणजे क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नयेत अशा) पद्धतींच्या मानकांसाठी २०१६ पासून चालवलेल्या निवडीत ती चौथ्या फेरीपर्यंत पोचली होती. त्याच वर्षी त्याच निवडीतली 'रेनबो' ही सहीची पद्धत लॅपटॉपवर फुटली. तरी १३ ऑगस्ट २०२४ ला निस्टनं तीन मानकं जाहीर केली. त्यांतल्या दोघांचा आधार लॅटिसचं (बहुमितीय जाळीतल्या बिंदूंचं) गणित, आणि त्यातलं संगणकशास्त्रज्ञ रेगेव्हचं पायाभूत काम २००५ चं. सर्रास वापरात असलेली आरएसए-२०४८ पद्धत फोडेल असा क्वांटम संगणक आज कुठेही नाही. मग एवढी घाई कुणासाठी? संशोधन संशोधकांकडेच अजून वीस वर्षं राहू द्या.

मीटरवाला
माझ्यासाठी. आम्ही वीजमीटरचं फर्मवेअर लिहितो. मीटर एकदा भिंतीवर चढला की दहाएक वर्षं उतरत नाही आणि अपडेट आमचंच आहे हे पटवणारी डिजिटल सही तपासायची किल्ली त्याच्या पोटात कायमची बसवलेली असते. वीस वर्षांनी ठरलेलं मानक घेऊन मी काय करू?

कूटकर्णी
खवटराव, साइकचा दाखला तुमच्याच अंगावर येतो. ती फोडायला वापरलेलं एर्न्स्ट कानी यांचं प्रमेय १९९७ चं. साइकच्या मुळाशी असलेली पद्धत २०११ ची. म्हणजे हत्यार आधीपासून कपाटात होतं, कुणी काढलं नाही. मानकाच्या उंबरठ्यावर आली तेव्हा लोकांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. नुसतं थांबून संशोधन होत नाही हो. आणि साइक मानक होण्याआधीच बाद झाली, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

शिवाय आजची माहिती कुणी साठवून ठेवली तर ती उद्या उलगडता येते. वैद्यकीय नोंदी वीस वर्षांनीही खाजगीच असतात.

जुनाट_खवट
नशिबानं बाद झाली! २०१९ मध्ये गूगल आणि क्लाउडफ्लेअरनं हीच साइक क्रोमच्या खऱ्या वापरात चालवून पाहिली होती. प्रयोगशाळा काय लोकांच्या ब्राउझरमध्ये थाटायची?

कूटकर्णी
चालवली, पण एकटी नव्हे. सोबत एक्स-२५५१९ ही नेहमीची जुनी पद्धत होती. दोन्ही फुटल्याशिवाय संभाषण उघडं पडत नाही. साइक कोसळली तरी त्या प्रयोगातली माहिती जुन्या कुलपामागे राहिलीच. आता ब्राउझर त्या तीन मानकांतली, गुप्त किल्ली ठरवायची लॅटिसवाली एमएल-केम वापरतात तेही असंच जोडीनं. भार वाढतो, हे खरं: ३२ बाइटच्या किल्लीशेजारी आणखी ११८४ बाइटची.

जुनाट_खवट
म्हणजे नव्या मानकावर तुमचाही पुरता विश्वास नाही.

कूटकर्णी
नाहीच. म्हणून तर जोडी. पण तुमचं 'थांबा' स्वस्त नसतं. शा-१ ही हॅश (फाइलचा छोटा ठसा काढायची पद्धत) कमकुवत असल्याचं २००५ मध्ये कळलं, २०१७ मध्ये प्रत्यक्ष टक्कर (दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा) दाखवली, तरी ती जिकडेतिकडे होतीच. धोका कळल्यावर बदलायला निघालं तर एवढा काळ लागतो.

मीटरवाला
जोडी ब्राउझरला ठीक. मला एकच सही हवी आणि ती टिकायला हवी.

जुनाट_खवट
मग तुम्हाला लॅटिस लागतंच कशाला? हॅशवर आधारलेली सही घ्या. कूटलेखनतज्ज्ञ मर्कलची मूळ कल्पना १९७० च्या दशकातली. इंटरनेटच्या मानकांचं काम आयईटीएफ बघते आणि लांब पल्ल्याचं संशोधन आयआरटीएफ. तिथल्या कूटलेखन गटानं अशा सहीच्या दोन पद्धती, एक्सएमएसएस २०१८ मध्ये आणि एलएमएस २०१९ मध्ये, नीट लिहून काढल्या, २०२० मध्ये निस्टनं दोन्ही स्वीकारल्या. मुरलेलं संशोधन म्हणतात ते हे.

मीटरवाला
पाहिलीय. त्यात प्रत्येक किल्ली एकदाच वापरायची आणि किती वापरल्या याची मोजणी ठेवायची. सही करणारं यंत्र बॅकअपवरून पुन्हा उभं केलं की मोजणी मागे जाते आणि वापरलेली किल्ली पुन्हा वापरली जाते. 'या यंत्राचा बॅकअप घेऊ नका' हे ऑडिटरला तुम्ही येऊन सांगणार का?

कूटकर्णी
एसएलएच-डीएसए बघा. तीही हॅशवरच, मोजणीची भानगड नाही. सही मात्र लहानात लहान ७८५६ बाइटची. आणि खवटराव, ती तुम्ही घाईची म्हटलेल्या तिघांतलीच एक आहे.

जुनाट_खवट
तिला माझी हरकत नाही. उरलेल्या दोघांना आहे.

मीटरवाला
फर्मवेअरच्या फाइलपुढे ७८५६ बाइट काहीच नाहीत. आमची चिप ती सही किती वेळात तपासते तेवढं बघावं लागेल.