शब्दचर्चा : ‘आपोआप माउंट होणे’ म्हणजे नेमके केव्हा?

प्रश्न

डेस्कटॉप लिनक्सविषयीच्या एका मदतपुस्तिकेचे मराठीकरण चालू असून तिच्यात ‘हार्ड डिस्कवरील सर्व विभाजने स्वयंचलितपणे जोडली जातात’ असे एक वाक्य आले आहे. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी त्यातील तिन्ही महत्त्वाच्या शब्दांविषयी मला शंका वाटते. ‘पार्टिशन’साठी ‘विभाजन’ योग्य आहे का, ‘माउंट’चा अर्थ ‘जोडणे’ या क्रियापदात पुरेसा येतो का, आणि ‘स्वयंचलितपणे’ या शब्दातून वाचकाला नेमके काय कळावे? जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ‘विभाजन’ ही क्रिया आहे आणि त्या क्रियेतून जे तयार होते तो विभाग. त्यामुळे ‘डिस्कचे विभाजन केले’ हे बरोबर, पण ‘दुसऱ्या विभाजनात फाइली ठेवल्या’ हे खटकते. ‘पार्टिशन’ हा शब्द मराठीत पूर्वीपासून नपुंसकलिंगी रुळलेला आहे, तेव्हा तोच ठेवण्यास हरकत नाही. गंमत एवढीच की खोलीतले पार्टिशन म्हणजे दोन भागांमधली आडभिंत आणि डिस्कवरचे पार्टिशन म्हणजे तो भागच. पण संदर्भामुळे गोंधळ होत नाही.

‘जोडणे’ मात्र मी टाळेन. डिस्कची केबल लावली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिला ओळखतो, तिच्या पार्टिशनांना ‘एसडीबी१’सारखी नावे देतो, आणि तरीही त्यांतील एकही फाइल वापरकर्त्याला दिसत नाही, कारण त्या पार्टिशनावरील फाइल सिस्टिम (फाइलींची मांडणी) एखाद्या डिरेक्टरीच्या, म्हणजे फोल्डरच्या, ठिकाणी आणून बसवण्याचे काम अजून व्हायचे असते. माउंट करणे म्हणजे हे दुसरे काम. दोन्हींसाठी ‘जोडणे’ वापरले, तर ‘डिस्क जोडली आहे, पण जोडलेली नाही’ असे वाक्य लिहिण्याची पाळी येईल.

मूळ शब्द जुन्या संगणककेंद्रांतला आहे, जिथे ऑपरेटर चुंबकीय फितीचे रीळ किंवा डिस्कची चवड हाताने यंत्रावर चढवत असे. लिनक्सने जिचा कित्ता गिरवला त्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1971 सालच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतही ‘माउंट’ आहे. पुढे 1974 मध्ये युनिक्सचे निर्माते डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सविषयीच्या आपल्या लेखात या क्रियेचे वर्णन करताना म्हटले की फाइलींच्या वृक्षाचे एक पान काढून त्या जागी नवा उपवृक्ष येतो. (तेव्हा ते पान म्हणजे साधी फाइल असे, आज तिथे डिरेक्टरी लागते.) हे वाचल्यावर ‘कलम करणे’ हा शब्द सुचल्याशिवाय राहत नाही, पण कलम एकदा धरले की सोडवता येत नाही आणि माउंट केलेले पार्टिशन मात्र केव्हाही अनमाउंट करता यावे लागते. ‘चढवणे’ हे मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचे असले तरी आता ते अपलोडसाठी वापरले जाते, आणि ‘बसवणे’ सॉफ्टवेअरने अडवले आहे. ‘आरूढ करणे’ ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे घोडाच येईल. म्हणून ‘माउंट करणे’ हेच ठेवावे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु प्रश्नातील सर्वांत अडचणीचा शब्द ‘स्वयंचलितपणे’ हा आहे. ‘स्वयंचलित’ हे यंत्राचे विशेषण आहे, म्हणजे जे स्वतः चालते ते. पार्टिशन काही चालत नाही, त्यामुळे ‘आपोआप माउंट होते’ हे अधिक स्वाभाविक मराठी ठरेल. पण ‘आपोआप’ आणि ‘होते’ हे दोन्ही शब्द एकत्र आले की काम कोण करते आणि केव्हा करते, या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. लिनक्समध्ये हे ‘आपोआप’ किमान तीन प्रकारचे आहे.

पहिला प्रकार संगणक सुरू होतानाचा. ‘एफएसटॅब’ या फाइलीत प्रत्येक पार्टिशनासाठी एक ओळ असते आणि तिच्यात सहा रकाने असतात : कोणते पार्टिशन, कोणत्या डिरेक्टरीवर, कोणती फाइल सिस्टिम, कोणते पर्याय, आणि शेवटचे दोन अनुक्रमे डंप (बॅकअप) व तपासणीच्या क्रमासाठी. पर्यायांत ‘नोऑटो’ नसेल तर ते पार्टिशन लॉगिनच्याही आधी, कोणताही वापरकर्ता नसताना माउंट होते. पहिल्या रकान्यात ‘एसडीबी१’ न लिहिता यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा एकमेव ओळखक्रमांक) लिहिण्याची शिफारस केली जाते, कारण डिस्कांची नावे पुढच्या वेळी बदलू शकतात आणि यूयूआयडी फाइल सिस्टिमसोबतच राहतो.

दुसरा प्रकार डेस्कटॉपचा. वापरकर्ता लॉगिन झालेला असताना पेन ड्राइव्ह लावला की नोम किंवा केडीई हे डेस्कटॉप, तशी सोय चालू असेल तर, यूडिस्क्स या सेवेला सांगून तो माउंट करून घेतात, आणि त्यासाठीची डिरेक्टरी वापरकर्त्याच्या नावाखाली तेवढ्यापुरती तयार होते. संगणकातील कायमच्या डिस्कवरचे दुसरे पार्टिशन मात्र सहसा असे माउंट होत नाही. ते फाइल व्यवस्थापकात नुसते दिसते आणि त्यावर क्लिक केल्यावर, काही ठिकाणी प्रशासकाचा पासवर्ड घेऊन, माउंट केले जाते. याला ‘आपोआप’ म्हणणे मला मान्य नाही, कारण क्लिक वापरकर्त्यानेच केलेले असते. ‘सर्व’ हा शब्दही त्यामुळेच चुकीचा ठरतो.

तिसरा प्रकार मागणीनुसार माउंट होण्याचा. ऑटोएफएस ही सेवा किंवा सिस्टमडीची (संगणक सुरू होताना सर्व सेवा चालू करणाऱ्या प्रणालीची) ऑटोमाउंट सोय वापरली, तर कोणी त्या डिरेक्टरीत शिरेपर्यंत काहीच होत नाही. शिरताक्षणी माउंट होते, आणि ठरावीक मुदत दिली असेल तर वापर थांबल्यावर ते पुन्हा काढले जाते. ‘ऑटोमाउंट’ हा शब्द मुळात याच प्रकाराला शोभतो.

शब्दार्थाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एफएसटॅबच्या एकाच ओळीत ‘नोऑटो’ आणि सिस्टमडीचा ‘ऑटोमाउंट’ पर्याय शेजारी शेजारी लिहिले जातात आणि त्यांत कोणतीही विसंगती नसते : संगणक सुरू होताना माउंट करू नये, पण डिरेक्टरी उघडताच करावे. ‘स्वयंचलित’ आणि ‘अस्वयंचलित’ अशी जोडी घेऊन या ओळीचे मराठी करू गेल्यास अर्थ हाती लागणार नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. मूळ मजकूर पुन्हा पाहिला असता तो एफएसटॅबविषयीच्या भागात आहे, म्हणजे पहिला प्रकार अभिप्रेत आहे. त्यामुळे वाक्य असे करत आहे : ‘एफएसटॅबमध्ये नोंदवलेली पार्टिशने संगणक सुरू होताना माउंट केली जातात.’

प्रतिसाद २ (पुढे)

वाक्य चांगले झाले आहे आणि ‘आपोआप’ची गरजही उरलेली नाही. फक्त ‘नोंदवलेली’च्या पुढे ‘आणि नोऑटो पर्याय नसलेली’ एवढे घालावे. त्यालाच लागून ‘नोफेल’ पर्यायाचे वाक्य येत असेल, तर त्याचे ‘अपयशी होऊ नये’ असे भाषांतर करू नये. पार्टिशन सापडले नाही तरी संगणकाने पुढे सुरू व्हावे, असा त्याचा अर्थ आहे. तो पर्याय नसेल तर सिस्टमडी साधारणतः 90 सेकंद त्या डिस्कची वाट पाहते आणि मग आपत्कालीन अवस्थेत थांबते. माउंट होणे अयशस्वी ठरू शकतेच, थांबायचे नसते ते संगणकाने.