मॉडबस लाइनवरचे नऊ थर्मोस्टॅट दुपारी गायब, रात्री ८ ला आपोआप परत

तिसरा_मजला_पुणे:

बाणेरला एका ऑफिस बिल्डिंगचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. एफसीयूंवर (खोल्यांतल्या पंखा-कॉइलच्या एसी युनिटवर) २५ थर्मोस्टॅट, सगळे एकाच आरएस-४८५ लाइनवर (दोन वायरींची डेटा लाइन), भाषा मॉडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड. कंट्रोलर तळमजल्याच्या पॅनलमध्ये, शेवटचा थर्मोस्टॅट तिसऱ्या मजल्यावर.

मार्चपासून रोज दुपारी दीडच्या सुमाराला १७ ते २५ नंबर स्क्रीनवर लाल होतात. थंडावा चालू राहतो, कारण थर्मोस्टॅट आपला व्हॉल्व्ह आपणच चालवतो. पण संध्याकाळी ७ ला 'बंद'ची आज्ञा जाते ती या नऊंपर्यंत पोचतच नाही. रात्री ८ च्या आसपास सगळे आपोआप हिरवे होतात, तोवर आज्ञा होऊन गेलेली असते. मग रिकाम्या मजल्यावर नऊ पंखे रात्रभर फिरतात आणि त्यांच्यापायी चिलरही (थंड पाणी करणारं मशीन) चालू राहतो. गेला महिनाभर मी घरी जायच्या आधी जिना चढून एकेक हाताने बंद करतोय. ज्या दिवशी सुट्टी घेतो त्या दिवशी कोणी करत नाही.

ॲड्रेस दोनदा तपासले, डुप्लिकेट नाही. पॅरिटी (डेटा तपासायची सेटिंग) सगळीकडे सारखी. लाइनच्या ए आणि बी वायरी उलटसुलट नाहीत. दोन थर्मोस्टॅट बदलूनही पाहिले. पुरवठादाराचा माणूस म्हणतो कंट्रोलर बदला. तेवढा खर्च मागायच्या आधी मला खात्री हवी आहे.

वायरमन_भोसरी:

दादा, कंट्रोलरला हात लावू नका. रात्री ८ ला त्या मजल्यावर काय बंद होतं ते आधी सांगा. आणि गेल्या सहा महिन्यांत लाइनवर नवीन काय जोडलं?

तिसरा_मजला_पुणे:

८ ला तिसऱ्या मजल्याचा एएचयू (मजल्याला हवा पुरवणारं मोठं युनिट) बंद होतो, तो व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर आहे. उन्हाळा लागल्यापासून दुपारी तो जवळपास पूर्ण स्पीडला जातो. जानेवारीत तिथे एक केबिन काढली, तेव्हा २५ नंबर बसला. पण तेव्हापासून दोन महिने काही तक्रार नव्हती, म्हणून मी तो सोडून दिला होता.

वायरमन_भोसरी:

जानेवारीत एएचयू हळू चालत होता, म्हणून दोष दिसला नाही. तो आहे तिथेच.

रविवारी सगळ्यांचा सप्लाय बंद करून कंट्रोलरच्या टर्मिनलवर ए आणि बी यांच्यामध्ये ओम मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणजे मीटरवर ६० च्या जरा खाली आकडा यायला हवा. ४० च्या जवळ आला तर तिसरा रेझिस्टर कुठेतरी चालू राहिलाय. मग सप्लाय देऊन, पोलिंग (कंट्रोलरने एकेकाला विचारणं) थांबवून, त्याच दोन वायरींवर डीसी व्होल्ट बघा. ०.२ च्या खाली असेल तर लाइन शांत असताना रिसीव्हरला शून्य की एक हे ठरवता येत नाही आणि व्हीएफडीमुळे वायरीत येणारा विजेचा गोंधळ त्याला डेटा वाटतो.

शिल्ड_एकाच_टोकाला:

२५ नंबरला केबल कुठून घेतली तेही बघा. मधूनच टी मारली असेल तर ती काढा. ४८५ ला फांद्या चालत नाहीत, एकातून दुसऱ्यात अशी साखळीच लागते. आणि शिल्ड (केबलवरचं धातूचं आवरण) फक्त पॅनलच्या बाजूला अर्थिंगला जोडा. दोन्हीकडे केलं तर त्यातून करंट फिरतो.

तिसरा_मजला_पुणे:

दोघांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी साडेसातपासून तिथेच होतो.

सप्लाय बंद असताना ३८ ओम. पोलिंग थांबवून ०.१४ व्होल्ट. आकडा बघितल्यावर थेट केबिनमध्ये गेलो. २५ नंबरच्या मागे छोटा पांढरा डिप स्विच आहे, टर्मिनेशनचा, म्हणजे आतला १२० ओमचा रेझिस्टर चालू करणारा, तो वर (चालू) होता. फॉल्स सीलिंगची फरशी उचलली तर १९ नंबरच्या वर तिन्ही केबली पिळून एकत्र केलेल्या आणि वरून काळी टेप, उष्णतेने सैल होऊन लोंबत होती. तिथून केबिनपर्यंत साधारण अकरा मीटर केबल एएचयूच्या मोटर केबलला टाय मारून नेलेली. एक टाय कापला की पुढे दुसरा, असे चौदा कापले.

स्विच खाली केला. दुसरी केबल ओढून १९ मधून २५ आणि २५ मधून २० अशी साखळी केली. शिल्ड २५ जवळ अर्थच्या स्क्रूखाली दाबली होती, ती सोडवून टेप केली. मोटर केबलपासून एक फूट लांब, वेगळ्या कंड्यूटमध्ये नेली. आता ५७ ओम, ०.२१ व्होल्ट.

आज सोमवार. दीड वाजता एएचयू ४८ हर्ट्झवर होता, तेव्हा स्क्रीनसमोर उभा राहिलो. पंचवीसच्या पंचवीस हिरवे. ७ ला सगळे बंद झाले.

वायरमन_भोसरी:

छान काम केलंत. ०.२१ म्हणजे काठावरच आहे, जूनपर्यंत आठवड्यातून एकदा मोजत राहा. आणि बंदची आज्ञा एकदाच पाठवू नका. ७ ते ९ दर पंधरा मिनिटांनी परत लिहायला लावा, म्हणजे एखादी चुकली तरी पुढची पोचेल.

तिसरा_मजला_पुणे:

आत्ताच तसं शेड्यूल लावलं. २५ नंबर ज्यांनी बसवला त्यांच्याच हातून पहिल्या मजल्यावरही दोन केबिन झाल्यात. उद्या तिथली फरशी उचलतो.